गॅलरीतली तुळस आणि गिझरचं नळकांडं

मैत्रिणींनो, विरारच्या गाडीत बसून कधी दहिसरच्या पुढे गेलात, तर पूर्वेच्या खिडकीतून जरूर बाहेर बघा. मिरारोड आलं की इमारतींच्या रांगा सुरू होतात आणि प्रत्येक इमारतीच्या अंगावर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे लटकलेले दिसतात. त्या पिंजऱ्यांत काय नसतं! रंगाच्या रिकाम्या डब्यातली तुळस, तेलाच्या कॅनमधला कढीपत्ता, बाटलीतून खाली लोंबणारा मनीप्लँट, वाळत घातलेली दुपटी, आणि या सगळ्यांतून मान बाहेर काढून बसलेलं पत्र्याचं एक नळकांडं. आजचा आपला फेरफटका आहे तो या पिंजऱ्यांतल्या बागा बघायला. आणि हो, त्या नळकांड्याकडे मुद्दाम लक्ष द्यायला.

मिरा-भाईंदर हे नाव जोडनाव आहे, आणि गावही तसं जोडूनच झालेलं. काशी, मिरे, नवघर, गोडदेव, खारी, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन अशी ही मूळची छोटी छोटी गावं. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, आणि मधल्या सखल जागेत मिठागरं. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला आणि दोन वर्षांनी चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, हा इतिहास याच खाडीच्या काठचा. पण आज दिसतं ते शहर आपल्या डोळ्यांदेखत उभं राहिलेलं आहे. नगरपरिषद झाली १२ जून १९८५ ला आणि महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ ला. १९९१ च्या शिरगणतीत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ च्या शिरगणतीत आठ लाखांवर गेली. एवढी माणसं राहायची म्हणजे घरं लहानच असणार. गिरगाव-दादरच्या चाळीतून, कोकणातून, गुजरात-राजस्थानातून आलेल्या बायकांनी वन रूम किचनमध्ये संसार मांडला, आणि अंगण नाही म्हटल्यावर ते खिडकीच्या जाळीत थाटलं. त्या हौसेचं मला फार कौतुक वाटतं.

आता स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस पकडू या. भाईंदर मागे पडलं की मुर्धे, राई, मोर्वे लागतात. इथे अजून काही घरांना पडवी आहे, परस आहे. पुढे डोंगरी, उत्तन, पाली, चौक. चौकच्या टेकडीवर चिमाजी आप्पांचं स्मारक आहे; तिथून खाली समुद्र आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या दिसतात. कोळीवाड्यात बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत असतात आणि घरांच्या दारात जास्वंद, केळ, नारळ असतात. या बाजूच्या झाडांची नीट पाहणी करा. समुद्राकडच्या बाजूची पानं टोकाकडून करपलेली असतात. खारा वारा पानावर मीठ आणून ठेवतो आणि ते मीठ कडा जाळतं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

जुन्या घरांच्या परसात आपल्या आज्या-सासवांचं आणखी एक शहाणपण असायचं. पाणी तापवायचा तांब्याचा बंब तुम्ही माहेरी पाहिला असेल. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी, वर धुराला तोंड. हा बंब बहुतेक घरी न्हाणीच्या बाहेर, पडवीत किंवा परसात पेटायचा. घमेल्याने पाणी आत नेलं जायचं. केळ आणि अळू लावायचं ते मोरीच्या सांडपाण्यावर, बंबाच्या धुराच्या तोंडाशी कुणी काही लावत नसे. बंबाची राख मात्र थंड झाली की थोडी थोडी केळीच्या बुडाशी पडायची. म्हणजे बंबाचं पाणी आत, धूर बाहेर, राख झाडाला, आणि झाड धुरापासून लांब. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण जागा बरोबर होत्या.

फ्लॅटमध्ये आलो आणि या जागांची गल्लत झाली. बंब गेला, त्याच्या जागी भिंतीवर गॅसचा गिझर आला. त्याला लाकूड लागत नाही, डोळ्याला धूर दिसत नाही, बटण दाबलं की पाणी गरम. म्हणून आपण समजलो की याला धूरच नाही. तसं नाही बरं का! गॅस जळला की कार्बन डायॉक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हवा पुरेशी मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्ही म्हणाल, गॅसला वास येतो की! तो वास न जळलेल्या गॅसला मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. जळून झाल्यावर तयार होणाऱ्या या विषाला तो नसतो. हा वायू रक्तातल्या लाल द्रव्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं. बाथरूमची कडी काढायचंही सुचत नाही.

जरा घरगुती हिशेब करू. मिरारोडच्या फ्लॅटमधलं बाथरूम साधारण चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. त्यात मावते सुमारे साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर शेगडीचे चार-पाच बर्नर एकदम पेटवावेत तेवढा गॅस खातो. तासाला साधारण पाऊण ते एक किलो. असा गिझर बंद बाथरूमच्या आत वीस मिनिटं चालला, तर त्याला सुमारे चार घनमीटर हवेतला प्राणवायू हवा. साडेपाचातले चार! उरलेल्यात माणसाने श्वास घ्यायचा, आणि प्राणवायू कमी होत गेला की ज्योत आणखी विष सोडू लागणार. काचेच्या पट्ट्यांची ती छोटी खिडकी थंडी लागते म्हणून बंद असते, आणि उघडी असली तरी ती अरुंद डक्टात उघडते. २०२० च्या जानेवारीत, मिरारोडपासून दोनच स्टेशनं अलीकडे बोरिवलीत, अंघोळीला गेलेली एक शाळकरी मुलगी अशाच कारणाने दगावली. वर्तमानपत्रात ती बातमी आली, आपण हळहळलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकी लावून घेतली.

आणि मैत्रिणींनो, आपल्या घरात सर्वांत लांब अंघोळ कुणाची असते? बाळंतिणीची आणि बाळाची. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, दाराखाली फडकं, मालीश, मग कढत पाणी. गिझर सतत चालू. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून घरातली सहा माणसं एकामागून एक अंघोळ करतात, तेव्हाही गिझर तास-दीड तास थांबत नाही. रंगपंचमीचा रंग काढायचा तरी तेच. म्हणजे ज्या दिवशी घर भरलेलं असतं, त्याच दिवशी धोका जास्त.

म्हणून शहाण्या घरांनी गिझर बाथरूममधून काढला आणि स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत लावला, नळकांडं बाहेर काढलं. अगदी योग्य केलं. पण तिथेच तर आपली बाग आहे! आता आपण मूळ मुद्द्यावर आलो.

अशा एका गॅलरीत मला एका वहिनींनी आपलं टोमॅटोचं रोप दाखवलं. माती ओली, कीड नाही, तरी पानं छत्री मिटावी तशी खाली वळलेली. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी गळत होत्या. त्या म्हणाल्या, “दृष्टच लागली हो माझ्या बागेला!” जाळीच्या दुसऱ्या टोकाला तसल्याच मातीत तसलंच दुसरं रोप होतं, ते मात्र टवटवीत. फरक एवढाच की आजारी कुंड्या गिझरच्या नळकांड्याखाली आणि समोर होत्या, आणि हवा नको म्हणून त्या बाजूला काचेची सरकती खिडकी बसवलेली होती.

हे कशाने होतं? गॅस नीट जळला नाही की इतर वायूंबरोबर इथिलीनही थोडं निघतं. या इथिलीनशी आपली जुनी ओळख आहे. आंबे गवताच्या अढीत घातले की पिकतात ते आंब्यातूनच निघणाऱ्या इथिलीनने. बंद खोलीत धुरी देऊन केळी पिकवायची जुनी रीत चालते तीही याच्यामुळे. फळाला जे पिकवतं तेच पानाला म्हातारं करतं. पान पिवळं पडतं, कळी गळते, टोमॅटोची पानं खाली वाकतात. सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव नावाच्या अभ्यासकाने १९०१ मध्ये हे दाखवून दिलं. गॅसच्या दिव्यांच्या प्रयोगशाळेत त्याचे वाटाण्याचे कोंब उभे वाढायचे सोडून आडवे वाढत होते, बाहेरच्या हवेत नेले की सरळ होत. दोष निघाला दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा.

तेव्हा पानांची भाषा शिकून घ्या. खाऱ्या वाऱ्याने करपलेलं पान समुद्राकडच्या बाजूला आणि टोकाकडून करपतं. बोअरच्या मचूळ पाण्याने बिघडलेल्या कुंडीत मातीवर पांढरा थर येतो आणि त्या पाण्यावरची सगळीच झाडं कमीजास्त आजारी पडतात. पण नळकांड्याच्या तोंडाशी असलेलीच झाडं बिघडली, त्यातही थंडीत जास्त बिघडली, पानांवर काजळी धरली, तर ते खताचं दुखणं नाही. वायू तिथे कोंडतो आहे, किंवा गिझर नीट जळत नाही. अशा वेळी कुंडी हलवून गप्प बसू नका. आधी गिझर बंद करा आणि कंपनीचा माणूस बोलवा. झाड बोलत नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही समजू नका. कार्बन मोनॉक्साइडने माणूस पडतो तेवढ्यात झाडाला काही झालेलं दिसणारही नाही.

काही जणींना वाटतं, झाडं हवा शुद्ध करतात, मग गिझरजवळ चार कुंड्या ठेवल्या तर बरंच! हा गैरसमज आजच टाकून द्या. वीस मिनिटांच्या अंघोळीत गिझर जवळजवळ किलोभर कार्बन डायॉक्साइड सोडतो. एखादी कुंडी दिवसभरात फार तर काही ग्रॅम घेते. आणि कार्बन मोनॉक्साइड खेचून घेऊन माणूस वाचवील असा मनीप्लँट अजून उगवायचा आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेचा १९८९ चा अभ्यास लोक सांगतात, तो लहानशा बंद पेट्यांतला होता. आपल्या बाथरूमला तो लागू नाही. तिथे कामाला येते ती उघडी हवा आणि बाहेर काढलेलं नळकांडं.

आता मांडणी कशी करायची ते सांगते. गिझरबरोबर आलेल्या कागदावर अंतरं लिहिलेली असतील तर तीच पाळा. कागद हरवला असेल तर हे घरगुती माप धरा: नळकांड्याच्या तोंडासमोर आणि वर तीन फूट, बाजूंना दोन फूट मोकळी जागा. तिथे कुंडी नाही, वाळत घातलेलं दुपटं नाही, पावसाळ्याचं प्लॅस्टिक नाही, कबुतरांची जाळीसुद्धा नळीच्या तोंडावर ओढलेली नाही. कबुतरं नळीतच घरटं करतात, तेही बघत जा. मधुमालती, गोकर्ण, मनीप्लँट या वेलींना नळकांड्याचा आधार कधी देऊ नका. सुकलेली पानं आणि कोरडा काथ्या गरम पत्र्याजवळ पेट घेऊ शकतात, आणि वेल तोंडाशी दाट झाला की धूर घरात परततो. गॅसच्या पाइपलाही वेल किंवा टांगती कुंडी बांधू नये.

सिलिंडर गॅलरीत असेल तर आणखी एक. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साठतो. जमिनीवर कुंड्यांची भिंत उभी करून खालच्या झरोक्याची किंवा जाळीची वाट अडवू नका. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो वर जातो. त्यासाठी वरची खिडकी मोकळी हवी. मिरा-भाईंदरमध्ये अनेक घरी आता पाइपचा गॅस आलेला आहे. सिलिंडरवर चालणारा जुना गिझर तसाच पाइपला जोडून घेऊ नका. तो त्या गॅससाठी जाणकाराकडून बदलून घ्यावा लागतो, किंवा नवा घ्यावा लागतो.

आणि गॅलरी काचेने बंद करायची असेल, तर आधी गिझरचा विचार करा, मग पडद्यांचा. नळकांडं काचेच्या बाहेर मोकळ्या हवेत निघालं पाहिजे. आत राहिलं, तर तुमची गॅलरी म्हणजे दुसरं बाथरूमच झालं.

या सगळ्यात तुळशीला कुठे ठेवू, असं विचाराल. नळकांड्यापासून सर्वांत लांबचा, उन्हाचा कोपरा तिला द्या. कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना, म्हणजे जे पोटात जायचं तेही तिच्याच सोबतीला. मिरची, टोमॅटो, गुलाब, मोगरा हे कळ्यांचे धनी, त्यांनाही त्याच बाजूला ठेवा. पश्चिमेच्या खाऱ्या वाऱ्याकडे सदाफुली, बोगनवेल, कोरफड लावा; ती दमदार आहेत. पावसाळ्याआधीच्या दिवसांत वारा सुटला की संध्याकाळी पानं गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा पत्र्यालाही सोडत नाही हे मात्र विसरू नका. भाईंदरच्या हवेत नळकांडं गंजून भोकं पडतात, आणि ती भोकं बहुधा आतल्या बाजूला, आपल्या नजरेआड असतात.

दिवाळीच्या आधी फराळाची यादी करता ना, तिच्यात एक ओळ वाढवा: गिझरची सफाई. बर्नर आणि आतलं गरम होणारं जाळं कंपनीच्या माणसाकडून साफ करून घ्या. ज्योत निळी आणि स्थिर हवी; पिवळी, लवलवती, काजळी धरणारी असेल तर गिझर बंदच ठेवा. घरात गॅसचा वास नाही याची खात्री करून, गिझर चालू असताना त्याच्या वरच्या भागाशी, जिथून धूर नळीत शिरतो तिथे, एक पेटती उदबत्ती धरा. धूर नळीत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. तोंडावर परत आला तर नळी तुंबलेली आहे, लगेच बंद करा. कार्बन मोनॉक्साइड कळला की ओरडणारं छोटं यंत्रही मिळतं. लहान मूल असलेल्या घरी ते घ्यावं. पण यंत्र आहे म्हणून खिडकी लावून घेऊ नये.

गिझर अजून बाथरूमच्या आतच असेल, तर तो हलेपर्यंत बंबाच्या काळातली रीत पाळा. दार-खिडकी सताड उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मग आत जा. बाळंतिणीच्या अंघोळीला तर दुसरी रीतच नको. सासूबाई म्हणतील, वारा लागेल. त्यांना हात जोडून सांगा, वाऱ्यावर शेक आहे, ओवा आहे, शाल आहे. यावर काही नाही. आणि कुणी आत फार वेळ राहिलं, हाकेला ओ दिली नाही, तर दार तोडायला लाजू नका. श्वास रोखून खिडकी उघडा, गिझर बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत ओढा, १०८ ला फोन लावा. नुसती चक्कर आहे, लिंबूपाणी द्या, असं म्हणत वेळ घालवू नका. बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे न्या आणि गॅस गिझर होता हे आवर्जून सांगा.

उत्तनहून परतताना बस पुन्हा मुर्ध्यावरून येते, आणि परसातल्या केळी मागे पडून जाळ्यांतल्या बागा सुरू होतात. परस आता बहुतेकींच्या नशिबी नाही. पण त्या परसातली जागांची शिस्त आपल्याला सहा फुटांच्या गॅलरीतही पाळता येते. उद्या सकाळी झाडांना पाणी घालाल तेव्हा एवढंच करा: आपल्या नळकांड्याचं तोंड कुठे आहे ते शोधा, आणि त्याच्यापुढची कुंडी उचलून दुसरीकडे ठेवा. मग शेजारणीच्या जाळीकडेही एक नजर टाका. तिचं नळकांडं तुमच्या खिडकीखाली उघडत असेल, तर चहाला बोलावून तिला हे सांगा.